चंदेरी रंग म्हणजे जस्त नव्हे : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

पोलादी पूल आणि छतांच्या कामांवर देखरेख करण्यात माझी बावीस वर्षे गेली. निविदेत वारंवार भेटणाऱ्या एका ओळीबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. 'पोलादी भागांना गंजरोधक लेप द्यावा' अशा अर्थाची ती ओळ असते. लेप कशाचा, किती जाडीचा आणि तो तपासायचा कसा, याबद्दल तिच्यात अवाक्षर नसते. मग ठेकेदाराने कसलाही रंग फासला तरी त्याला अडवायला कागदावर आधार सापडत नाही.

एका पादचारी पुलाचे कठड्याचे खांब वितळलेल्या जस्तात बुडवून व्यवस्थित तयार होऊन आले होते. जागेवर मात्र ते बसेनात. खालून कापले, पुन्हा वेल्ड केले. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवतीचे जस्त जळून गेले आणि त्यावर चंदेरी रंगाचा हात फिरवला गेला. लांबून सगळे एकसारखे दिसत होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नेमक्या त्याच सांध्यांतून तांबडे ओघळ उतरले. ते काम मी त्याच दिवशी थांबवायला हवे होते, ही सल अजून जात नाही. अशा जागी निदान घासून स्वच्छ करून जस्ताची भरपूर भुकटी असलेला रंग पुरेशा जाडीने द्यायचा असतो. साध्या चंदेरी रंगात बहुधा ॲल्युमिनियमची पूड असते. ती चमकते, पण पोलादासाठी स्वतः झिजत नाही.

जस्ताचे मोल या झिजण्यातच आहे. रंग हा नुसता आडोसा; त्याला चीर गेली की गंज आतल्या आत सरकत रंग उचलतो. जस्ताच्या थरावर ओरखडा पडून पोलाद उघडे झाले, तर भोवतालचे जस्त आधी झिजते आणि तेवढी जागा राखते. वितळलेल्या जस्ताच्या सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या टाकीत लोखंड आणि जस्ताचे मिश्रधातूचे थरही तयार होतात आणि त्यांतले काही तर खालच्या पोलादाहून कठीण असतात. म्हणूनच हाताळणीचे धक्के हा मुलामा रंगापेक्षा चांगले सोसतो.

त्याचेही आयुष्य हवेवर ठरते. अशा जस्ताच्या मुलाम्याच्या आयएसओ 1461 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 6 मिलिमीटरहून जाड पोलादावर सरासरी किमान 85 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जस्त लागते. मध्यम गंजकारक, म्हणजे सी3 वर्गाच्या हवेत जस्त वर्षाला 0.7 ते 2.1 मायक्रॉन झिजते, तिथे हा थर चाळीस वर्षे सहज टिकावा. खाऱ्या वाऱ्याच्या किंवा रासायनिक धुराच्या सी5 वर्गात झीज 4.2 ते 8.4 मायक्रॉनवर जाते आणि तोच थर दहा ते वीस वर्षांत संपतो. तिथे जस्तावर योग्य रंगही हवा; दोन्ही मिळून टिकतात ते दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. टाकीत न मावणाऱ्या तुळयांवर जस्त किंवा ॲल्युमिनियमची तार वितळवून फवारता येते. मात्र त्याआधी पृष्ठभाग कणांच्या माऱ्याने स्वच्छ आणि खरखरीत केलेला असावा, नाहीतर फवारलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो.

माझे मागणे असे की निविदेत हवेचा वर्ग, धातूचे नाव आणि मायक्रॉनमधली जाडी लिहिणे सक्तीचे करावे. नकाशे मंजूर होतानाच मुलामा देणाऱ्या कारखान्याचे मत घ्यावे. जोडणीनंतरचे कापणे आणि वेल्डिंग बरेचसे तिथेच टळेल. पोकळ नळ्यांना हवा आणि जस्त वाहण्याची भोके आहेत की नाहीत, हेही तिथेच कळेल. या भोकांबद्दल मी विशेष आग्रह धरतो. बंद नळीत अडकलेल्या पाण्याची टाकीत क्षणात वाफ होते, नळी फुटते आणि वितळलेले जस्त कामगारांच्या अंगावर उडते.

जाडी मोजायचे चुंबकीय यंत्र खिशात मावते आणि एका जागेच्या मोजणीला काही सेकंद लागतात. ती मोजमापे, दुरुस्त केलेल्या सांध्यांसकट, जोडल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर होऊ नये, असा आदेश आपण काढावा.

आपला विश्वासू,
एक बांधकाम अभियंता