नाव गुप्त, ठावठिकाणा मात्र छायाचित्रात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यांवरचे खड्डे, नदीपात्रातला रात्रीचा वाळूउपसा, ओढ्यात टाकला जाणारा राडारोडा यांची छायाचित्रे ईमेलने पाठवावीत, असे आवाहन आपले वृत्तपत्र वाचकांना नेहमी करते आणि पाठवणाऱ्याची इच्छा असल्यास त्याचे नाव छापत नाही. ही पद्धत मला मोलाची वाटते. मात्र नाव वगळले की पाठवणारा सुरक्षित राहिला, असे आता म्हणता येत नाही, आणि त्याबाबत आपल्या संपादकीय विभागाला एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राखेरीज ‘एक्झिफ’ नावाच्या नोंदी असतात. फोन कोणता होता, छायाचित्र कोणत्या तारखेला व किती वाजता काढले, हे त्यांत असतेच. शिवाय कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर उभे राहिलो त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. अक्षांशाच्या दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक सुमारे ११ मीटरचे अंतर दाखवतो, म्हणजे एखाद्या वाडीतले नेमके घर ओळखायला तेवढा पुरेसा आहे. ग्रामसेवक किंवा शिक्षक कामाचा पुरावा म्हणून पाठवतात त्या छायाचित्रांवर हे आकडे खाली छापलेले दिसतात, त्यामुळे ते पाठवत आहोत याची पाठवणाऱ्याला जाणीव असते. नेहमीच्या छायाचित्रात तेच आकडे डोळ्यांना दिसत नाहीत.

याची किंमत काय होऊ शकते, हे डिसेंबर २०१२ मध्ये जगाने पाहिले. जॉन मॅकॅफी हे संगणकांना विषाणूंपासून वाचवणाऱ्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे जनक. मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशात शेजाऱ्याच्या खुनाच्या चौकशीसाठी पोलीस त्यांना शोधत होते आणि ते भूमिगत झाले होते. ‘व्हाइस’ या नियतकालिकाचे पत्रकार त्यांच्यासोबत होते. ३ डिसेंबरला ‘व्हाइस’ने मॅकॅफींचे आयफोनवर काढलेले छायाचित्र संकेतस्थळावर टाकले, मजकुरात ठिकाणाचा उल्लेख अर्थातच नव्हता, पण फाइलमधल्या नोंदी तशाच राहिल्या होत्या. त्या वाचणाऱ्यांना शेजारच्या ग्वाटेमाला देशातील रिओ दुल्से परिसरातली नेमकी जागा सापडली. हे आकडे आपण मुद्दाम खोटे घातले आहेत, असे मॅकॅफींनी आधी सांगून पाहिले, पण लगेच ग्वाटेमालात असल्याची कबुली त्यांना द्यावी लागली आणि ५ डिसेंबरला बेकायदा प्रवेशाबद्दल त्यांना अटक झाली. मॅकॅफींचे वर्तन योग्य होते की अयोग्य, हा माझा विषय नाही. ठावठिकाणा फुटला तो वृत्तकक्षाच्या हातून, आणि ज्याने संगणक सुरक्षेवरच नाव कमावले त्याच्याही तो लक्षात आला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्याच वर्षी अमेरिकेतील पोलीस यंत्रणांचे संगणक फोडणाऱ्या, टोपणनावाने वावरणाऱ्या एका हॅकरपर्यंत एफबीआय पोहोचली, तीही एका छायाचित्रातून. त्यातले अक्षांश-रेखांश मेलबर्नच्या एका उपनगरातले होते. तिथे राहणाऱ्या त्याच्या मैत्रिणीवरून टेक्सासमधल्या या माणसाचे खरे नाव उघड झाले. पोलिसांनी वापरलेला हा मार्ग वाळू ठेकेदाराच्या माणसांनाही खुला आहे, याचीच मला भीती वाटते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी आमच्या घरामागच्या ओढ्यात राडारोडा ओतणाऱ्या डंपरचे छायाचित्र मी गच्चीवरून काढून एका संकेतस्थळाला ईमेलने पाठवले. त्यांनी शब्द पाळला, माझे नाव दिले नाही. पुढे माझ्या मुलीने ते छायाचित्र तिथून उतरवून घेऊन त्याचा तपशील उघडला, तेव्हा नकाशावर आमच्या गच्चीवर खूण उमटली. कळवल्यावर त्यांनी ते तत्परतेने बदलले, पण तोपर्यंत ते ११ दिवस सर्वांसाठी खुले होते.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्रातून या नोंदी निघून जातात. परंतु डंपरचा क्रमांक स्पष्ट वाचता यावा म्हणून जो नागरिक तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवतो, त्याची मूळ फाइल सर्व नोंदींसह पोहोचते. जो सर्वांत काळजीपूर्वक पुरावा देतो, तोच सर्वांत उघडा पडतो.

कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातून माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळलेली आहे. आपण काय सार्वजनिक करत आहोत याची ज्याला कल्पनाच नव्हती, त्याला ‘स्वतःहून’ हा शब्द कसा लावायचा, यावर कायद्याच्या अभ्यासकांनी आपल्या स्तंभांतून जरूर लिहावे.

वाचकांनीच या नोंदी काढून पाठवाव्यात, असे मी सुचवणार नाही. छायाचित्र खरोखर त्या नदीकाठचे आहे की नाही, हे पडताळताना आपल्या बातमीदाराला त्या उपयोगी पडतात. म्हणून पडताळणीनंतर, संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी, प्रत्येक छायाचित्रातून त्या काढण्याचा नियम आपल्याकडे असावा. विंडोजवर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ते क्षणात होते. मूळ फाइल मोजक्याच लोकांच्या हाती राहावी. ज्यांना तेवढीही जोखीम नको, त्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले लोकेशन बंद ठेवून छायाचित्र काढावे किंवा छायाचित्राचा स्क्रीनशॉट पाठवावा, आणि घर ओळखता येईल असा कठडा किंवा पाण्याची टाकी चौकटीत येऊ देऊ नये, अशी चार ओळींची सूचना आपल्या आवाहनाशेजारी रोज छापावी. तसेच आजवर नाव न देता प्रसिद्ध केलेली जी छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावर आहेत, ती एकदा तपासून घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)