उत्तर यायला वेळ लागेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अपंग मुलांच्या घरांविषयीचा मजकूर वाचला. आया बोलल्या, वडील बोलले, एक फिजिओथेरपिस्टही बोलल्या. लिहिलंय चांगलं. पण ज्या मुलांचे पानभर फोटो, त्यांतल्या एकाचंही वाक्य त्यात नाही. हे माझ्या नव्हे, माझ्या नातीच्या लक्षात आलं. ती नऊ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही, आणि पेपर मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो.

तिचा प्रकार ‘डिस्कायनेटिक’. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला आणि हालचालींना लगाम घालणारा मेंदूचा आतला भाग, बेसल गँग्लिया, दुखावला. हात, मान, जीभ तिच्या मनाविरुद्ध वळत राहतात. झोपली की सगळं थांबतं. जागेपणी काही मुद्दाम करायला गेली, कुणी घाई केली, दारावरची बेल अचानक वाजली, की वळणं वाढतात. म्हणजे ‘पटकन सांग बघू’ म्हणणारा माणूस तिचं सांगणं स्वतःच लांबवत असतो. बुद्धीचं विचाराल, तर भांडायला लागली की ती माझ्यापेक्षा जास्त शाबूत वाटते.

ती डोळ्यांनी बोलते. वर पाहिलं की ‘हो’, डोळे मिटले की ‘नाही’. बाकीचं पाटीवर. पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी, मध्ये मोकळी, कडेने आठ घरं. पाच घरांत क, च, ट, त, प हे वर्ग, दोन घरांत य पासून ळ पर्यंतची अक्षरं आणि एकात स्वर. प्रत्येक घराला रंग आहे, अक्षरंही रंगीत. ती आधी अक्षराच्या घराकडे पाहते, मग अक्षराचा जो रंग त्या रंगाच्या घराकडे. समोरच्याने पाटीतून आरपार तिची नजर वाचायची. काना, मात्रा, वेलांटी गाळायची, नाहीतर एका वाक्याला संध्याकाळ होईल. मला याचं नवल वाटलं नाही. मी कचेरीत लघुलेखक होतो. पिटमनने १८३७ साली लघुलिपी काढली, तीतही वेगासाठी स्वर सोडूनच देतात; सांगाडा व्यंजनांचा. सून म्हणते, तुमची नोकरी आत्ता कामाला आली.

सांगाड्यावरून अंदाज करायचा तर वाक्य पुरं होऊ द्यावं लागतं. मागे तिची आत्या आली होती. सहलीचं ठरत होतं. नात ‘प’ आणि ‘ण’ पर्यंत आली आणि आत्या पाणी आणायला धावली. पाणी पाजलं, तोंड पुसलं, वर शाबासकी दिली. तिला म्हणायचं होतं ‘पण’. तिची हरकत पाण्यात बुडाली आणि सहल ठरलीसुद्धा. तिचा पाच वर्षांचा भाऊ आमच्या सगळ्यांपेक्षा भराभर नजर वाचतो, मात्र त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ताईला हवं म्हणून तो ज्या गोष्टी मागतो, त्या निम्म्या त्याच्या स्वतःच्या असतात.

‘पाटीची सवय लागली तर बोलायची राहील’ असं नातलग बजावतात. अशा साधनांनी बोलणं खुंटतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. खरी अडचण वेळेची आहे. आंघोळ, व्यायाम, हातापायांना आधाराचे स्प्लिंट बांधणं, खुर्चीत नीट बसवणं, यात दिवस जातो. जेवताना पाटी बंदच, कारण घास तोंडात असताना बोलायची ओढ लागली की अंग ताठतं आणि ठसका लागतो. नेमक्या त्याच वेळी घर गप्पा मारत असतं! तिचा विनोद जुळून येईपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून जेवणं आटोपली की ‘मघाशी काय म्हणत होतीस?’ असं विचारायचं आणि सगळ्यांनी पुन्हा त्या विषयावर यायचं, असा घरात दंडक आहे. शिळा विनोद ऐकून मुलगा आणि सून खरोखर हसतात. मी तपासून पाहिलंय.

बाहेर मात्र हा दंडक नाही. एका दवाखान्यात डॉक्टरांनी ‘हिला कुठे दुखतं?’ असं सुनेला विचारलं. जिचं दुखत होतं ती समोरच होती, पाटीही होती. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात (२००६) कलम २१ आहे. सरकारी व्यवहारात अशा पर्यायी संवादसाधनांचा स्वीकार करावा, त्यांचा वापर सुकर करावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. करार बहुतेक देशांनी मान्य केला आहे. पाटीसमोर बसून वाट पाहणारे मोजकेच.

सांत्वनाला येणारा प्रत्येक जण स्टीफन हॉकिंगचं नाव काढतो. त्यांचा आजार वेगळा, मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशींचा, आणि तो ऐन तारुण्यात जडलेला; तुलना मला पटत नाही. पण १९८५ साली त्यांचा आवाज गेला आणि पुढे पुढे गालाच्या स्नायूने शब्द निवडताना मिनिटाला जेमतेम एखादा शब्द व्हायचा. सभागृहं भरलेली असत आणि लोक थांबत. शतकातला मोठा शास्त्रज्ञ असल्यावर थांबायचं आणि नऊ वर्षांची मुलगी असल्यावर तिच्या आईला विचारायचं, हा न्याय मला समजत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी प्रश्न दोन दिवस आधी पाठवा आणि वार्ताहराला दुपारभर मोकळीक देऊन पाठवा. ही एकटीच नव्हे, अशी उत्तरं द्यायला बरीच मुलं तयार असतील.

तिची एक तक्रारही सोबत कळवतो, शब्द तिचे, काना-मात्रा माझ्या: ‘कोड्याचं उत्तर उलटं छापू नका. मला पेपर फिरवता येत नाही आणि आजोबा फिरवताना आधी स्वतः वाचून घेतात.’

आपला,
एक आजोबा