चाकाखालची माती आधी पाहा

संपादक महोदय,
गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका विज्ञान प्रदर्शनात मुलांनी केलेले सात-आठ चांद्ररोव्हर पाहिले. रंगरंगोटी झकास, रिमोटही चालू. पण सगळे गुळगुळीत फरशीवर पळत होते, आणि बक्षीस मिळाले सर्वांत वेगवान गाडीला. मला हे फार खटकले. चांद्रयान-३ मधला आपला प्रज्ञान रोव्हर सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर चाले! २६ किलोच्या त्या गाडीला सहा चाके होती, तीही अशा जोडणीची की एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. खरी करामत तिथे आहे.

दुसरा प्रश्न धुळीचा. मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरची वाळू लाटांनी घासून गोलसर झालेली असते. चंद्रावर ना वारा ना पाणी, म्हणून तिथल्या धुळीचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या गाडीचे मडगार्ड तुटले, तर धूळ थेट अंगावर उडू लागली. अंतराळवीरांनी नकाशाचे कागद टेपने चिकटवून नवे मडगार्ड केले. आमच्या मुलांना हे सांगायला नको का?

खर्चही फारसा नाही. क्रशरवरची दगडाची भुकटी आणून एका परातीत पसरा. तिचे कणही टोकदार असतात. त्यात चार खडे ठेवा, परात थोडी तिरकी करा आणि मग गाडी सोडा. घरी माझ्या मुलीची गाडी पहिल्याच वितीत रुतली. तिने चाकांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या, तेव्हा कुठे ती चढली. पुढच्या प्रदर्शनात परीक्षकांनी अशी एक परात ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, डिचोली