सही करण्याआधी

स्वान्सी, रविवार रात्र

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

फोन ठेवल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. "आई, तुला यातलं काही कळत नाही," म्हणालास, त्याचा राग नाही. पेन्शनबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवूनच कागद घेतला होता. पण दुसरं काही सुचतच नाही.

जुन्या कंपनीचं पेन्शन त्या 'सिप'मध्ये, म्हणजे आपणच गुंतवणूक करायच्या पेन्शन खात्यात, नेऊन स्वतः सांभाळणार म्हणतोस. ६५ व्या वर्षापासून जन्मभर वर्षाला ८ हजार पौंड, महागाईबरोबर वाढणारे. ते सोडून आज १ लाख ६० हजार. एवढा आकडा एकदम समोर आला की कुणीही हलेल. तो तीनच महिने टिकतो म्हणून घाई आहे ना? अरे, आकडा पुन्हा मागवता येतो, थोडा कमीजास्त येईल. एकदा सोडलेलं पेन्शन परत मिळत नाही.

पलीकडच्या घरातले काका आठवतात? पोर्ट टॅलबटला पोलादाच्या भट्टीवर होते, तुला सायकल शिकवली त्यांनी. २०१७ च्या हिवाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात असेच कागद पसरून बसले होते. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि "यात मी काय सांगू?" म्हणाले. ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं. ब्रिटिश स्टीलच्या योजनेतून तेव्हा सुमारे ८ हजार माणसं बाहेर पडली. पुढे तपासणी झाली, तर जवळजवळ निम्म्यांना मिळालेला सल्ला चुकीचा निघाला. काका आता ७१ वर्षांचे आहेत. सकाळी चहाच्या आधी फोनवर बाजार बघतात.

तू हिशेबी आहेस, मला ठाऊक आहे. दुसऱ्या नोकरीतलं पेन्शन हलव हवं तर, ती नुसती साठलेली पुंजी, आजही बाजारातच आहे. हे तसं नाही रे. इथे देण्याची जबाबदारी योजनेची आहे, बाजार पडो की चढो. बदल्यात मिळणारी रक्कम ३० हजार पौंडांच्या वर असली की सल्लागाराचं मत घेणं कायद्यानेच भाग आहे, ते का उगीच? तो 'नको' म्हणाला, तर 'हो' म्हणणारा शोधत फिरू नकोस.

बघ, लागले शिकवायला. माफ कर.

आज बाबांची निळी फाईल काढली. तुझ्या पहिल्या पगाराची चिठ्ठी त्यात आहे. पेन्शनच्या कपातीवर तू चिडून पेनने गोल केला होतास. बाबांनी बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, "राहू दे." किती अभिमान होता त्यांना तुझ्या त्या नोकरीचा! ११ वर्षं टिकलास. मी ती चिठ्ठी तीनदा वाचली.

बाबांचं अर्धं पेन्शन मला दर महिन्याच्या २८ तारखेला येतं. मला काहीच करावं लागत नाही. तुझ्यामागे नयनाला काय मिळेल, हे त्या कागदांत पाहिलंस का? 'तुझ्यामागे' लिहिताना हात थांबला, पण खोडत नाही. तिला विचारलंयस ना? सही करण्याआधी विचार.

पैसे तुझे, निर्णयही तुझा. फक्त सल्लागाराकडे जाशील तेव्हा मलाही घेऊन चल. मी एक शब्द बोलणार नाही, बाजूच्या खुर्चीत बसून राहीन.

तुझी,
आई