फॉर्ममधला तो एक शब्द

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सोलापुरातल्या एका विडी कामगार वसाहतीत मी आशा स्वयंसेविका आहे. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका वेळीच ओळखण्यासाठीची प्रश्नावली, आम्ही घरोघरी जाऊन भरतो. त्यात बायकांसाठी एक प्रश्न आहे, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होतो का? गल्लीतल्या एका काकूंना मी तो विचारला. मांडीवर सूप, हातात तेंदूची पानं, मान खालीच. "नाही," म्हणाल्या. मी 'नाही'वर खूण केली.

आठ महिन्यांनी कळलं, त्यांना अंगावरून लाल जात होतं. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. "पाळी परत आली वाटलं गं, कुणाला काय सांगायचं?" तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. ती खूण माझ्या हातची आहे, साहेब. डोळ्यांपुढून जात नाही.

अडलं ते 'रजोनिवृत्ती' या शब्दापाशी. रज म्हणजे पाळीचं रक्त, निवृत्ती म्हणजे थांबणं. पण आमच्याकडे निवृत्ती म्हटलं की पेन्शन आठवते. बायका म्हणतात 'पाळी गेली'. तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या घरांत तर हा शब्द उंबऱ्यापाशीच अडतो. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं, आणि त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचं. एवढंच काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

पाळी जाण्याआधीची काही वर्षं ती मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, घामाने झोप मोडते. इथला मे महिन्याचा पारा ४३-४४ वर, म्हणून सगळं उन्हावर ढकललं जातं. काहीजणी वैतागून चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढून येतात. सोबत अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती एकदम अंगावर कोसळते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. हे ऑपरेशनआधी त्यांना समजायला नको का?

माझी मागणी छोटी आहे. हा प्रश्न असा छापा: 'पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल गेलं का, डाग दिसला का?' मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये. आणि आम्हा आशांच्या प्रशिक्षणात या विषयाला अर्धा दिवस द्या.

नवे फॉर्म येईपर्यंत मी पेनाने खाली लिहून विचारते आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका, सोलापूर