मुद्देमालाच्या प्रवासाकडेही लक्ष द्यावे

महोदय,

खटला लांबला की ‘सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) अजून आलेला नाही’ हे उत्तर ठरलेले असते आणि दोष न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या माथी जातो. तेथील रिक्त पदे व साचलेले नमुने ही खरी अडचण आहे. तथापि न्यायालयात लिपिक म्हणून तीस वर्षे मुद्देमाल हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे की, अहवालाची किंमत बऱ्याच अंशी नमुना कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच ठरून गेलेली असते.

द्राक्षपट्ट्यात कीटकनाशक घरोघरी असल्याने विषबाधेचे अकस्मात मृत्यू आपल्याकडे नवे नाहीत. शवविच्छेदनानंतर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे लिहिले जाते, म्हणजे जठर, आतडे, यकृत, प्लीहा व मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून बरणी लाखेने मोहोरबंद केली जाते. त्याऐवजी कोणी सवयीने फॉर्मॅलिन ओतले, तर विष शोधणेच अवघड होऊन बसते. रक्ताळलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात. ऐन पावसाळ्यात जप्त केलेला एक सदरा मात्र ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला गेला होता. न्यायालयात पुडके सोडले तेव्हा बाह्या काळपट बुरशीने एकमेकींना चिकटल्या होत्या आणि अहवालात ‘रक्तगट ठरवता आला नाही’ एवढेच होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले: जप्तीपासून रवानगीपर्यंत मुद्देमाल कोठे होता, आणि सील कोणाच्या ताब्यात होते? नोंदवहीत उत्तर नव्हते. आरोपीला संशयाचा फायदा मिळाला, आणि प्रश्न रास्त असल्यामुळे वकिलांना नावे ठेवण्यात अर्थ नव्हता.

मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे जून २०२२ मध्ये एकाच कुटुंबातील नऊ जणांचे मृतदेह सापडले, तेव्हा आरंभी ती सामूहिक आत्महत्या मानली गेली. पुढे पोलिसांनी विष देऊन खून केल्याचा गुन्हा नोंदवला. अशा घटनेत विष कोणते हे रासायनिक विश्लेषक सांगू शकतो, पण ते कोणाच्या हातून गेले हे बरणीत सापडत नाही. त्यासाठी घरातले पेले, बाटल्या, त्यांवरील ठसे पहिल्या काही तासांतच नीट उचलावे लागतात.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे व त्याचे चित्रीकरणही करायचे आहे; ही तरतूद प्रत्यक्षात आणण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. राज्याने फिरत्या व्हॅनही सुरू केल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु सांगलीहून निघालेली व्हॅन जत तालुक्याच्या पूर्व भागात पोहोचेपर्यंत अर्ध्या गावाने घटनास्थळ तुडवलेले असते. तेथे आधी पोहोचतो तो हवालदार, आणि त्याच्याजवळ कागदी पाकिटे, हातमोजे व निर्जंतुक नळ्या असाव्यात आणि त्या वापरण्याचे शिक्षण त्याला मिळालेले असावे, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही. त्याच संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे शासकीय तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीस न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. दोन ओळींच्या कागदाला एवढे वजन असेल, तर बरणीवरील चिठ्ठी तरी वाचता येईल अशी असली पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. जप्ती, रवानगी आणि प्रयोगशाळेत जमा झाल्याची तारीख, या तिन्ही नोंदी पोलीस ठाण्याने फिर्यादीला किंवा मृताच्या वारसाला लेखी द्याव्यात. विम्याच्या दाव्यासाठी व्हिसेरा अहवालाची वाट पाहणारी शेतकऱ्याची विधवा महिनोन्महिने ठाण्यात हेलपाटे घालते. बरणी अजून ठाण्याच्याच कपाटात आहे की रवाना झाली आहे, एवढे तरी तिला पहिल्याच खेपेला कळावे.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, मिरज