आईच्या दाव्याच्या फीविषयी

ती. बाबांस व ती. आईस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

मामाविरुद्धचा जमिनीच्या वाट्याचा दावा आईच्या बाजूने लागला तर तिच्या वाट्याच्या जमिनीतले 4 गुंठे वकीलसाहेबांना द्यायचे कबूल केले आहे, म्हणून सध्या फी कमी आहे, असे बाबा परवा बोलता बोलता सांगून गेले. त्यावर फोनवर वाद घालण्यापेक्षा लिहिलेले बरे, कारण कागद हाती असला की बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात.

बाबा, असे कबूल करून घेण्याची वकिलांना मुभाच नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे वकिलांसाठी नियम करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. निकालातून मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी मागणे व्यावसायिक नीतीला सोडून आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2017 मध्ये म्हटले. तेव्हा शब्द दिला म्हणून मनाला लावून घेऊ नका, आणि त्या गुंठ्यांबाबतच्या कोणत्याही स्टॅम्पपेपरवर आईची सही होऊ देऊ नका.

फी खरोखर कमी आहे का, तेही मी पाहिले. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, टाकला की झालेल्या तारखांची नोंद विनामूल्य दिसते. आपल्या 16 तारखांपैकी 11 तारखांना कामकाज झालेच नाही. कधी मामाच्या वकिलांनी मुदत मागितली, कधी समन्स बजावलेले नव्हते, कधी न्यायाधीश रजेवर होते. दर तारखेला 1,500 रुपयांप्रमाणे तुम्ही 24,000 रुपये दिलेत, आणि त्यातले 16,500 केवळ पुढची तारीख घेण्यासाठी गेले. एसटीचे भाडे मी धरलेलेच नाही.

वकील वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. आजोबांच्या मागे वारसनोंद करताना आईचे नाव गाळलेला फेरफार त्यांनीच शोधून काढला, आणि त्या कष्टांचे मोल दिलेच पाहिजे. मात्र ते तारखेवर न ठरवता कामाच्या टप्प्यांवर ठरावे: पुरावा सुरू होताना किती, उलटतपास संपल्यावर किती, युक्तिवादानंतर किती, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात, नकला, टायपिंग आणि मोजणी यांचा खर्च पावतीप्रमाणे वेगळा द्यावा. फी विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे बाबांना वाटते. मला तसे वाटत नाही. गवंड्याला काम देतानाही आपण आधी दर ठरवतोच.

त्यांना हे मान्य झाले नाही, तर वकील बदलता येईल. मूळ कागद त्यांच्याकडे अडकतील ही बाबांची भीती मला ठाऊक आहे, परंतु फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच स्पष्ट केले आहे.

आई, आता तुझ्यासाठी. दावा तुझ्या नावावर आहे, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. फुकटचा वकील मनापासून काम करील का, असे तू विचारशील. ते माणसावर आहे, म्हणून मी आग्रह धरत नाही; पण पर्याय आहे हे माहीत असले म्हणजे फीविषयी बोलताना बाबांचा आवाज खाली जाणार नाही.

मामाशी तुझे बोलणे बंद आहे, तरीही लोकअदालतीचा विचार कर. दोघांची संमती असेल तरच तेथे तडजोड होते, तिला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसल्याने पुढच्या कोर्टाच्या वकिलाचा खर्चही टळतो. मामाला मी विचारू का, एवढेच कळव.

पुढची तारीख 14 ला आहे. मी 13 ला संध्याकाळी येते आणि सकाळी बाबांबरोबर वकिलांकडे जाते. तोवर आजवर दिलेल्या पैशांच्या नोंदीची वही काढून ठेवा, आणि मी येईपर्यंत नवी रक्कम देऊ नका.

तुमची,
सुमा